एकदा बिनकामाची मुंबई



या सदरात एरवी मी बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी लिहितो. आज सुट्टीविषयी लिहिणार आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नाताळला जोडून, घरच्या सगळ्यांनी मिळून दोन-तीन दिवस मुंबईला जाऊन यावे, असा माझा सल्ला आहे. काही काम काढून नव्हे. नुसते हिंडायला.

नुसते हिंडायला म्हटले की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते, हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे मुंबईला जायचे ते कामाने. आजाऱ्याला परळच्या दवाखान्यात न्यायचे असते, मंत्रालयात कागद अडकलेला असतो, पोराला भरतीसाठी पोचवायचे असते. गेल्या हिवाळ्यात एका वस्तीवर हरभरा पाहायला गेलो होतो. घरच्या बाई पन्नाशीच्या. चहा घेताना सहज विचारले, "मुंबई पाहिली का ताई?" त्या म्हणाल्या, "पाहिली की. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तवा अकरा दिवस होते. दवाखान्याच्या जिन्यात." अकरा दिवस मुंबईत राहून बाईने समुद्र पाहिलेला नव्हता. अशा कितीतरी घरी मी बसलो आहे. आम्ही शेतकऱ्यांच्या अभ्यास सहली काढतो, तेव्हाही यादीत नावे येतात ती बहुतेक कारभाऱ्यांची. कारभारणीचा प्रवास माहेरापर्यंत, आणि माहेरीही हल्ली एका रात्रीपुरताच, कारण सकाळची धार चुकत नाही.

तेव्हा या वेळचा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे. कारभाऱ्यांनी वाचला तर उत्तमच, कारण पिशवी त्यांनाच उचलायची आहे.

नाताळच का, असे विचाराल. दिवाळी आपल्या दारातच हवी. त्या दिवसांत सोयाबीनचा माल घरात, कापसाची वेचणी डोक्यावर, रब्बीची पेरणी अंगावर, आणि पाडव्याला गोठा सोडून जाणे कोणाला बरे वाटेल? शिवाय दिवाळीला शहरातली मंडळी गावाकडे येतात. एप्रिल-मे मध्ये मुंबईत घामाने जीव नकोसा होतो, पावसाळ्यात लोकल केव्हा बंद पडेल सांगता येत नाही. डिसेंबरअखेर हवा सुखाची असते आणि शहर सजलेले असते. २०२६ साली २५ डिसेंबरला शुक्रवार आहे, म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस सलग मिळतात. शाळेचा फार तर एक दिवस बुडेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

आता खरी अडचण. मागे शेताचे आणि गोठ्याचे काय?

गव्हापासून सुरू करू. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, साधारण दहा तारखेच्या पुढे-मागे पेरलेल्या गव्हाला पेरणीपासून ४० ते ४५ दिवसांनी, कांडी धरण्याच्या वेळी पाणी लागते. ते बरोबर नाताळच्या आसपास येते. हे पाणी चुकवायचे नाही, तेव्हा २२-२३ तारखेपर्यंत ते देऊन मोकळे व्हा. पुढची पाळी फुलोऱ्याच्या वेळी, तोवर तुम्ही केव्हाच परतलेले असाल. हरभरा या सुमाराला फुलात-घाट्यात असतो. निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेतातून एक फेरी मारा आणि चार-पाच ठिकाणी एकेक मीटर ओळ नीट तपासा. मीटरभर ओळीत एक-दोन घाटे अळ्या सापडत असतील तर आधी फवारणी, मग मुंबई. नसतील तर पक्षिथांबे उभे आहेत ना एवढे पाहा, तीन दिवस पाखरे तुमचे काम करतील. तूर कापून ठेवली असेल तर ढीग उंचावर रचून झाकून जा. या दिवसांत अवकाळी एखादी सर येऊन जाते.

काहींना मात्र मी जा म्हणणार नाही. द्राक्षबागायतदाराने या आठवड्यात बाग सोडू नये. थंडी, दव आणि भुरी कोणासाठी थांबत नाहीत. कांद्याचे रोप लागवडीला आलेले असेल तर लागवड उरकूनच निघावे. ज्यांच्या उसाला तोड केव्हा येईल याचा नेम नाही, त्यांनी मुकादमाशी नक्की बोलल्याशिवाय तिकीट काढू नये. गाय किंवा म्हैस आठ-दहा दिवसांत विणार असेल, तर सहल पुढच्या वर्षी. त्यात दुमत नाही.

दुभत्या जनावरांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण नव्वद टक्के बेत तिथेच मोडतात. परका माणूस धारेला बसला की गाय पान्हा चोरते आणि मग सगळे म्हणतात, "बघा, बाई गेली आणि दूध आटलं." त्याला उपाय आहे. जो कोणी धार काढणार असेल त्याला तीन-चार दिवस आधीपासून रोज गोठ्यात बोलवा. पहिल्या दिवशी त्याने नुसते आंबोण पुढे ठेवावे, दुसऱ्या दिवशी कास धुवावी, तिसऱ्या दिवशी तुमच्यादेखत धार काढावी. जनावर हाताला आणि आवाजाला ओळखते. धारेच्या वेळा बदलू नका. तीन दिवसांची वैरण आधीच कुट्टी करून, एकेका वेळेची वेगळी बांधून ठेवा. पेंडीचे माप दोरीने बांधून पोत्यालाच अडकवा, म्हणजे अंदाजाने जास्त घालणे होणार नाही. जनावराच्या डॉक्टरांचा फोन नंबर खडूने गोठ्याच्या भिंतीवर लिहा, मोबाईल ऐन वेळी कोणाच्या खिशात असेल सांगता येत नाही.

आणि हा माणूस आणायचा कोठून? आपल्याकडे सावड आहे ना! पेरणीला, काढणीला आपण सावड करतो, तशी सुट्टीचीही करावी. शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून ठरवावे : या वर्षी तुम्ही जा, तुमचा गोठा आम्ही पाहतो, पुढच्या वर्षी आम्ही जाऊ. यात पैसा लागत नाही. भावकीत बोलणे बंद असेल तर ते सुरू करायलाही हे निमित्त वाईट नाही.

प्रवासाचे दोन शब्द. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते आणि नाताळच्या गाड्या भराभर भरतात, म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातच तिकीट काढून ठेवा. एसटीने गेलात तर २०२३ च्या मार्चपासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. आधार कार्ड जवळ असू द्या. म्हणजे आजी आणि सूनबाई यांच्या खर्चाचे कारण सांगून त्यांना घरी ठेवण्याची सोय आता राहिलेली नाही. आजींना दम्याचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून न्या, हिवाळ्यात मुंबईची हवा धुरकट असते.

उतरायचे कोठे, तर बहुतेक घरांचे कोणी ना कोणी मुंबईत असतेच. तिथे वागायचे कसे, हे स्पष्टच सांगतो. तिथले घर दोन खोल्यांचे असते. चौघांनी तिथे दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नये. नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येते, तेव्हा आंघोळी त्या वेळेत उरकाव्यात आणि बादली भरून ठेवायला हात लावावा. (हे पाणी भातसा, तानसा, वैतरणेच्या धरणांतून येते, म्हणजे ठाणे-पालघर-नाशिककडच्या आपल्याच शेतकऱ्यांच्या शिवारातून. नळ विनाकारण सोडू नका.) जाताना रिकाम्या हाताने जायचे नाही. मिठाईचा पुडा नको, तो त्यांच्या कोपऱ्यावर मिळतो. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचा डहाळा, बोरे, ज्वारीचे ताजे पीठ, घरचा गूळ न्या. शहरात वाढलेल्या मुलांना डहाळा सोलून खाताना पाहणे हीही एक मौज आहे.

आता शहरात शिरू. तुमची गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जात असेल तर उतरल्याबरोबर टॅक्सीकडे धावू नका. बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडून ती इमारत पाच मिनिटे नीट पाहा. १८७८ साली सुरू झालेले तिचे बांधकाम दहा वर्षे चालले, आणि २००४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. दगडात कोरलेली पाने, पाखरे, प्राणी मुलांना शोधायला लावा. याच भागातून, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला पहिली प्रवासी आगगाडी गेली.

तिथून दहा मिनिटे चालत गेलात की महात्मा फुले मंडई लागते. जुने लोक तिला क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. ती १८६९ साली बांधून झाली. शेतकऱ्याने मुंबईत एकच जागा पाहायची असेल तर मी ही सांगेन. प्रवेशाच्या कमानींवर दगडात शिल्पपट्टी कोरलेली आहे, आणि त्यात कोणी राजे-महाराजे नाहीत. गव्हाच्या शेतातले शेतकरी आहेत! जवळच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणारे लॉकवुड किपलिंग यांनी ते काम केले. मोगलीची गोष्ट लिहिणारे रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे चिरंजीव, त्यांचा जन्म मुंबईतलाच. हजारो माणसे रोज त्या कमानीखालून पिशव्या घेऊन जातात आणि वर पाहत नाहीत. तुम्ही पाहा, आणि कारभारणीला दाखवा. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहिणाऱ्या जोतीरावांचे नाव या मंडईला आहे, हे फार शोभून दिसते.

घाऊक बाजार १९९६ मध्ये इथून नवी मुंबईला वाशीकडे गेला, आता इथे किरकोळ विक्री चालते. आत फळांची रचना पाहा. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी या दिवसांत येते, तिची लहान डब्यांतली मांडणी पाहा. भाव ऐकून तुमचे डोके तापेल. आपण काय भावाने दिले आणि इथे काय भावाने चालले, हा हिशेब मनात येणारच. पण तो तिथे उभे राहून भांडण्याचा नाही. त्यापेक्षा आकारानुसार माल कसा निवडला आहे, कोणते फळ पुढे ठेवले आहे आणि कोणते मागे, हे बघा. दहा मिनिटांत प्रतवारीचा जो धडा मिळतो तो माझ्या तासाभराच्या भाषणात मिळत नाही. मंडईला शनिवारी सकाळी जा.

नाताळच्या दिवशी संध्याकाळी वांद्र्याला जा. ज्या सणाला आपण 'त्यांचा' म्हणतो तो किती जवळचा आहे हे तिथे कळते. हिल रोडवर कागदाच्या आणि दिव्यांच्या चांदण्या टांगलेल्या असतात, जसे आपले आकाशकंदील. टेकडीवर माउंट मेरीचे देऊळ आहे, कोळी लोक तिला मोत माउली म्हणतात. सध्याची इमारत १९०४ सालची. सप्टेंबरात तिची जत्रा भरते आणि त्या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसे जातात. चर्चमध्ये कोणालाही जाता येते. टोपी काढावी, मागच्या बाकावर शांत बसावे, प्रार्थना चालू असताना फोटो काढू नयेत. शेवटी लोक रांगेने प्रसाद घ्यायला पुढे जातात, तो त्यांच्या दीक्षा घेतलेल्यांसाठी असतो. आपण जागेवर बसून राहावे, त्यात कोणाचा अपमान नाही.

तिथे मुलांना गव्हाणीचा देखावा जरूर दाखवा. गव्हाणी म्हणजे आपलीच गव्हाण. प्रवासात कुठे जागा मिळाली नाही, म्हणून येशूच्या आईने बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजवले, अशी ती कथा. देखाव्यात गवत असते, गाय असते, मेंढरे असतात आणि मेंढपाळ असतात. बाळाच्या जन्माची बातमी पहिल्यांदा कळली ती रात्री रानात मेंढरे राखणाऱ्यांना. शहरातल्या मुलांना हे सगळे समजावून सांगावे लागते, आपल्या मुलांना सांगावे लागणार नाही. उलट गाय कोठल्या जातीची हे ती तुम्हाला सांगतील.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वांद्रे, कुर्ला, मरोळ, गोराई या भागांत जुन्या वस्त्या आहेत, त्यांना आजही गावठाण म्हणतात. तुमच्या-माझ्या सातबाऱ्याच्या भाषेतला तोच शब्द. तिथले मूळचे ख्रिस्ती रहिवासी मराठीचीच एक बोली बोलतात, आणि त्यांचे वाडवडील भातशेती करणारे होते. १८८७ साली या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते 'आगेरा' नावाचा सण करतात, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागतात. शेते इमारतींखाली गेली, तरी लोंब्या कोठून तरी मिळवून सण चालू आहे. नाताळात त्यांच्या घरी करंजी तळतात आणि शंकरपाळ्याच्या भावंडासारखे 'कलकल' करतात. ओळखीचे कोणी असेल तर डहाळ्याची एक जुडी त्यांच्याकडेही न्या.

समुद्र केव्हा पाहायचा? मावळतीला, गिरगाव चौपाटीवर. नंतर अंधार पडल्यावर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. दिव्यांची ती वळणदार रांग म्हणजे राणीचा हार. या जागी काहीही करायचे नाही. कोणाला चहा करून द्यायचा नाही, कोणाला वाढायचे नाही. कारभारणीला मध्ये बसवा, भेळ कारभाऱ्यांनी आणावी. पलीकडच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर मात्र मुलांना उतरू देऊ नका, ते निसरडे असतात.

रविवारी दोन वाटा आहेत. लहान मुले बरोबर असतील तर भायखळ्याची राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुले २०१६ पासून तिथे असलेले पेंग्विन पाहायला धावतील. तुम्ही झाडे पाहा, कारण ही दीडशे वर्षांहून जुनी वनस्पतींची बाग आहे. गोरखचिंचेचा बुंधा पाहिलात तर तिला मिठी मारायला किती माणसे लागतील हे मोजाल. गर्दी होते, म्हणून सकाळी उघडतानाच पोचा. मोठी माणसेच असाल तर गेटवेहून होडीने घारापुरीला जा. साधारण तासाचा प्रवास आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराची ती लेणी, आणि तो सुमारे २० फूट उंचीचा तीन मुखांचा शिव! लेणी सोमवारी बंद असतात, हे लक्षात ठेवा. माकडे हातातले खाणे पळवतात. आणि २०२४ च्या डिसेंबरात याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाची बोट धडकून माणसे बुडाली, तेव्हा जीवरक्षक जाकीट अंगात घातल्याशिवाय होडीत बसायचे नाही. कोणी हसले तर हसू द्या. ज्या दगडी हत्तीवरून परक्यांनी या बेटाला 'एलिफंटा' म्हटले, तो हत्ती आता बेटावर नाही. तो राणीबागेच्या शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे, म्हणजे एक वाट निवडलीत तरी दुसरीचा थोडा भाग पदरात पडतो.

लोकलविषयी थोडे. रविवारी दिवसा दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, घरातून निघण्यापूर्वी यजमानांना विचारून घ्या. बायकांचा डबा वेगळा असतो, त्यात जायचे झाले तर उतरायचे स्टेशन सगळ्यांना पाठ हवे. चुकामूक झाली, कोणी डब्यात राहिले, तर त्याने पुढच्याच स्टेशनावर उतरून तिथेच थांबायचे, आणि बाकीच्यांनी मागच्या गाडीने तिथे यायचे. हे आधी ठरले की घाबरगुंडी होत नाही. लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी शिवून टाका. धावत्या गाडीत चढायचे नाही, मग तिथली माणसे काहीही करोत.

३१ डिसेंबरच्या रात्रीसाठी थांबण्याचा मोह धरू नका. ती गर्दी मुलाबाळांची नव्हे. रविवारी रात्रीची गाडी धरली की सोमवारी सकाळपर्यंत आपण आपल्या फाट्यावर. ज्यांनी तीन दिवस गोठा सांभाळला त्यांच्या घरी घेऊन जायला काहीतरी आठवणीने आणा. मंडईतल्या स्ट्रॉबेरीचा डबा घेणार असाल तर तो प्रवासात सगळ्यात वर ठेवा, खाली गेला तर लगदा होतो. सोमवारची सकाळची धारही त्यांनाच काढायला सांगून ठेवा. कारभारणीला त्या दिवशी आठ वाजेपर्यंत झोपू द्या.